प्रॉक्झिमा बी : मोजलेलं किती आणि अंदाजाचं किती

ताई, लेकीच्या नववीच्या प्रकल्पाचा फोटो पाहिला. निळा समुद्र, वर रक्तासारखा लाल सूर्य आणि खाली ठळक अक्षरांत 'प्रॉक्झिमा बी : दुसरी पृथ्वी'. यातलं खरं किती, असं तुम्ही विचारलंय. चित्र तिने फार मन लावून काढलंय, ते राहू द्या. मथळा मात्र बदलायला सांगा, कारण हा ग्रह आजवर कुणी पाहिलेलाच नाही. त्याच्याबद्दल जे कळलंय ते त्याच्या ताऱ्याकडे बघून कळलंय, आणि प्रकल्पाचा खरा गाभा तोच आहे.

तारा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळचा. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं, म्हणजे साधारण ४० लाख कोटी किलोमीटर. चिलीमधल्या ला सिया वेधशाळेत ३.६ मीटरच्या दुर्बिणीला हार्प्स नावाचा वर्णपटमापक, म्हणजे प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणारं उपकरण, जोडलेला आहे. त्याने या ताऱ्याचा प्रकाश रात्रीमागून रात्री तपासला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये ग्रह सापडल्याचं जाहीर झालं. फलाटावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढी आणि लांब जाताना उतरलेली ऐकू येते ना? प्रकाशाचंही तसंच होतं. ग्रह ताऱ्याला ओढतो, तारा किंचित डुलतो, आपल्याकडे येतो, मागे जातो. हे डुलणं दर ११.२ दिवसांनी पुन्हा तसंच होतं, म्हणून ग्रहाचं वर्ष ११.२ दिवसांचं.

आता डुलण्याचा वेग बघा. सेकंदाला सव्वा ते दीड मीटर. पुण्यातल्या वेताळ टेकडीवर सकाळी झपझप चालणारे आजोबा याच वेगाने जातात. तेवढ्याने प्रकाशाच्या लहरींत एक अब्जात जेमतेम पाच भागांचा फरक पडतो, आणि ४० लाख कोटी किलोमीटरवरून तो पकडता आला. मला हे मोजमाप त्या ग्रहाइतकंच मोलाचं वाटतं. जमलं तर तिला चित्राशेजारी हा वेग लिहायला सांगा.

वस्तुमान लिहिताना 'किमान' हा शब्द सोडू नका. जत्रेतला आकाशपाळणा आठवा. बाजूला उभं राहून पाहिलं तर प्रत्येक पाळणा आपल्याकडे येतो आणि लांब जातो. तोच अगदी समोरून पाहिला तर पाळणे नुसते गोल फिरतात, जवळ येतच नाहीत. प्रॉक्झिमाचा पाळणा आपल्याकडे किती कलला आहे हे ठाऊक नाही, त्यामुळे डुलण्यातला फक्त आपल्या दिशेचा भाग हाती लागतो. त्यावरून २०१६ साली किमान वस्तुमान पृथ्वीच्या १.२७ पट आलं, २०२२ च्या मोजणीत १.०७ पट. खरं वस्तुमान याहून जास्त असू शकतं, कल मोठा असेल तर दुपटीहूनही.

ग्रह ताऱ्यासमोरून जाताना दिसला असता तर आकारही मिळाला असता. तसं अधिक्रमण शोधूनही आढळलेलं नाही. आकार नाही म्हणून घनता नाही, आणि घनता नाही म्हणून तो खडकाळ आहे हाही अंदाजच, चांगला अंदाज असला तरी.

तापमानाचं विचारलंत. ग्रह ताऱ्यापासून सुमारे ७३ लाख किलोमीटरवर आहे, बुध सूर्यापासून जवळजवळ ६ कोटींवर. तरी तो भाजून निघत नाही, कारण तारा फार मंद आहे. पृथ्वीला सूर्याकडून मिळते त्याच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा तिथे पोचते. हवा धरली नाही तर हिशेब उणे ३९ अंशांच्या आसपास येतो. तोच हिशेब पृथ्वीला लावला तर उणे १८ येतात, आणि प्रत्यक्षात आपली सरासरी अधिक १५ आहे! हा सगळा फरक हवेने घातलेल्या पांघरुणाचा. प्रॉक्झिमा बीवर हवा आहे की नाही हेच कळलेलं नाही, म्हणून समुद्र रंगवला असला तरी त्याखाली 'कल्पना' असं लिहू द्या.

हवेची काळजी वाटण्याचं कारण तो तारा. तो वरचेवर भडकतो. १ मे २०१९ ला तो अतिनील प्रकाशात काही सेकंदांत १४,००० पट उजळला होता. इतक्या जवळून असे तडाखे बसत राहिले तर ग्रहाची हवा झडून जाऊ शकते. बहुधा ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असावी, चंद्राची आपल्याकडे असते तशी.

आणि सूर्य रक्तासारखा लाल नको. त्या ताऱ्याचं तापमान ३,००० केल्विनच्या आसपास आहे, आपल्या जुन्या तारेच्या पिवळ्या बल्बपेक्षा थोडं जास्तच. रंग तसाच नारिंगी-पिवळा द्या, आणि आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंद काढा.

पुढच्या मे महिन्यात तिला एकदा दक्षिणेला मोकळं क्षितिज असलेल्या जागी घेऊन जा. शहरातून कात्रजच्या बाजूला डोंगर आणि दिवे आड येतात, पुरंदरकडचं पठार बरं. मेच्या मध्यावर रात्री पावणेबाराला, अखेरीस पावणेअकराला, हात लांब करून मूठ क्षितिजावर टेकवायची. मुठीच्या वरच्या कडेशी दिसणारा ठळक तारा म्हणजे मित्र, त्याच्या उजवीकडे मित्रक आणि आणखी उजवीकडे त्रिशंकू. मित्राच्या खाली, जरा उजवीकडे, चार पूर्ण चंद्र शेजारी शेजारी मावतील एवढ्या अंतरावर प्रॉक्झिमा आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सगळ्यात अंधूक ताऱ्याहूनही तो शंभरपट फिका, त्यामुळे तिथे अंधारच दिसेल. नेमकी जागा तेवढी तिला बोटाने दाखवा.