आधी उंदराची अवस्था लिही

पोरी,

परवा तू आलीस तेव्हा बाहेर झड लागलेली, आणि तुझा चहा तसाच निवला. लॅपटॉपवर उंदराच्या मेंदूतली एकच पेशी दाखवत राहिलीस. सोमवारी मिशीला फुंकर बसली की तडातडा बोलणारी, बुधवारी जवळपास मुकी. इलेक्ट्रोड तोच, उंदीर तोच, फुंकर तेवढीच. "सर, माझ्याच हातात दोष आहे," म्हणालीस. वर गाईडनं सगळ्या फेऱ्यांची सरासरी काढायला सांगितलीय. मी विषय बदलून पावसावर बोललो, कारण राग आला होता. तुझ्यावर नव्हे गं.

एवढंच सांग, बुधवारी उंदीर काय करत होता? चाकावर चालत होता, नुसता बसला होता, की पेंगत होता? तुझ्या वहीत तापमान आहे, इलेक्ट्रोड किती खोल ते आहे, फुंकरीचा दाब आहे. उंदीर नाही!

बेळगावच्या गणपत गल्लीतला आपला एखादा दुकानदार घे. घरात कोकणी, गिऱ्हाइकाशी मराठी, बस कंडक्टरशी कन्नड. त्याच्या दिवसभराच्या बोलण्याची सरासरी काढलीस तर कुठली भाषा येईल? तुझी पेशीही तशीच आहे. 1984 साली यान्सेन आणि यिनास यांनी गिनीपिगच्या थॅलॅमसच्या, म्हणजे इंद्रियांचे निरोप मेंदूत पुढं धाडणाऱ्या केंद्राच्या, कापांवर दाखवलं की एकाच पेशीला बोलायच्या दोन तऱ्हा असतात. पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब थोडा चढलेला असला की ती विजेचा एकेक ठोका देते, आलेल्या संदेशाच्या मापानं. काही वेळ खाली दबून राहिली की कॅल्शियमच्या ठरावीक वाटा पुन्हा तयार होतात, आणि मग जरा धक्का लागला तरी ठोक्यांचा झुबका उडतो. गाढ झोपेत हे झुबके फार. जाग आली की मेंदूच्या बुडातून अॅसिटिलकोलीन, नॉरअॅड्रेनलीन ही रसायनं येतात आणि पेशी पहिल्या तऱ्हेवर येते. म्हणून म्हणतो, आधी अवस्था लिही.

आणि थॅलॅमसला नुसतं फाटक समजू नकोस. रेल्वेच्या फाटकावरसुद्धा फाटकवाला स्वतःच्या मर्जीनं दांडी खाली घेत नाही, त्याला पलीकडून निरोप येतो. दृष्टीच्या थॅलॅमसमधल्या पेशीवर डोळ्याकडून येणारे जोड जेमतेम 5 ते 10 टक्के. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या सालीच्या, सहाव्या थरातून येणारे त्याच्या कितीतरी पट. त्यातही गंमत बघ. सहाव्या थराचे तंतू सावकाश बोलले तर थॅलॅमसची पेशी दबते, तेच वेगानं बोलले तर उचलली जाते. सावकाशीत मधल्या जाळीदार केंद्रकातून येणारा दाब वरचढ ठरतो. वेग वाढला की तो दाब थकतो आणि थेट येणारी चेतना बळावत जाते. हे 2015 मध्ये क्रँडल, क्रुकशँक आणि कॉनर्स यांनी मांडलं. खुणेची दिशाच उलटते आणि तू सरासरी काढणार? खुळी काय गं?

आता माझं ऐक. मी यूरेथेनची भूल देऊन उंदरांवर काम केलं, वर्षानुवर्षं. मधेच भूल हलकी व्हायची, मिशा थरथरायच्या, पेशीचं वागणं पालटायचं. मी वहीत लाल पेनानं 'खराब' लिहायचो आणि ती पानं सोडून पुढं जायचो. तुमच्याकडे आज डोळ्याच्या बाहुलीवर रोखलेला कॅमेरा आहे, ती लहानमोठी होते त्यावरून जाग किती ते कळतं; फिरतं चाक आहे. माझ्याकडे दुपारी दोनला जाणारी वीज होती. झोपलेल्या जनावराची नोंद निदान सुसूत्र यायची, छापून यायची, नोकरी टिकायची. यात लबाडी नव्हती, असं मी अजूनही म्हणतो. पण लिव्हिंगस्टोन आणि ह्यूबेल यांचा झोपलेल्या-जाग्या मांजरांवरचा लेख 1981 चा. तो मी वाचला होता. वाचून बाजूला ठेवला होता. ती 'खराब' पानं आज माळ्यावर आहेत, आणि बाहुलीची नोंद नसल्यामुळं आता कुणाच्याच कामाची नाहीत.

2010 मध्ये नील आणि स्ट्रायकर यांनी उंदराला तरंगत्या चेंडूवर पळवलं. पळताना दृष्टीच्या कॉर्टेक्समधलं उत्तर दुपटीच्या वर गेलं. त्यांना थॅलॅमसमध्ये तसा फरक दिसला नाही. पुढं इतरांना तिथंही दिसला. गाईडला हे दाखव, पण भांडू नकोस. तो वाईट माणूस नाही, त्याला प्रबंध वेळेत हवाय. मलाही हवा होता.

सरासरी काढायचीच तर चालतानाची वेगळी, बसल्याची वेगळी, पेंगतानाची वेगळी. फेऱ्या कमी पडल्या तर पडू देत, पुन्हा घे. आधी अवस्था लिही, मग पेशी.

बुधवारचा व्हिडिओ तू पुसला नाहीस ना? पेशी जिथं गप्प झाली त्याच्या आधीच्या दोन मिनिटांतली बाहुली बघ, आणि जसा आहे तसा पाठव. नवा चष्मा आलाय, दिसतं मला. आईला सांग, मांडे पोचले, दोन मोडले होते पण चालतंय.

तुझा,
सर