आरोग्यसेवेवरच्या पहिल्या परिसंवादाला उतरताना

मॅडम, कुडाळच्या परिसंवादात आरोग्यसेवेतल्या सुधारणांवर बोलताय, छान झालं. घाबरू नका, आणि तयारीचा पसाराही मांडू नका.

आधी धोरण चालतं कसं ते लिहून काढा, मत नंतर. आयुष्मान भारतचं (२०१८) ५ लाखांचं कवच वर्षाला अख्ख्या कुटुंबाला मिळून आहे, तेही रुग्णालयात भरती झाल्यावर. दोडामार्गच्या वाडीतल्या आजीची बीपीची रोजची गोळी त्यात बसत नाही. तिच्या छातीत दुखलं तर? आरोग्य केंद्रातून पुढे कोण पाठवणार, गाडी कुणाची, गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं तर कागद कुठले लागणार? लिहिताना निम्म्यात पेन अडतं. २०१३ साली अमेरिकी संशोधकांनी लोकांना धोरणांचं कामकाज असंच पायरीपायरीने सांगायला लावलं, तेव्हा ‘मला कळतं’ ही त्यांची खात्री उतरली. त्यात आरोग्यविम्याचाही प्रश्न होता. आपण प्राध्यापक त्याला अपवाद नाही, उलट आपलं मत बरोबर ठरवायची कारणं आपल्याला जरा जास्तच सुचतात!

नवखे हमखास करतात त्या चुका:
- ‘खासगीवाले’, ‘सरकारवाले’ असे शिक्के मारणं.
- ब्रिटनच्या एनएचएसचं (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचं) नाव घेणं, पण ती मुख्यतः करांवर चालते हे गाळणं.
- ‘बहुधा’ म्हणायला लाजणं.

१० मिनिटं दिली असतील तर आठच बोला. प्रश्न विचारणाऱ्यांत एखादा आरोग्यसेवक निघतोच, त्याला वेळ द्या.