ख्रिसमसच्या पार्टीसाठी घरच्या घरी देखणी, सणासुदीची वाटणारी कॉकटेल कशी बनवायची?

तुम्ही लिहिलंय की २५ डिसेंबरला घरी पंधरा-सोळा माणसं जमणार आहेत, त्यात दोन-तीन लहान मुलं आहेत, सासू-सासरेही आहेत. कॉकटेल फोटोत असतात तशी नटलेली हवीत, पण बारटेंडर बोलवायचा नाही आणि स्वतःलाही रात्रभर ओट्यापाशी उभं राहायचं नाही. आमच्याकडे पुण्यात नाताळच्या आसपास असाच गोतावळा सात वर्षं जमतोय. पहिली दोन वर्षं मी ओट्यापाशीच होतो. एकेक ग्लास हातात घेऊन काठाला साखर, वर संत्र्याची चकती, त्यावर पुदिना. सहावा ग्लास सजेपर्यंत पहिल्याचा बर्फ वितळलेला, आणि बाहेर लोक फरसाण संपवून मोकळे.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे : सजावट ग्लासात करायची नाही, बर्फात करायची. बर्फ आदल्या दिवशी लावता येतो आणि तो नुसता टाकला की काम झालं.

पंच, म्हणजे एका मोठ्या वाडग्यात सगळ्यांसाठी एकदमच केलेलं पेय, त्यात सोडायला फळांचं बर्फाचं कडं करायचं. मध्ये भोक असलेलं केकचं भांडं घ्या. नसेल तर साध्या गोल डब्यात मधोमध एक वाटी वजन ठेवून बसवा. सगळं फळ एकदम टाकून पाणी ओतलंत तर संत्र्याच्या चकत्या वर तरंगतील, डाळिंबाचे दाणे तळाशी जातील आणि मधला भाग रिकामाच गोठेल. म्हणून थर लावायचे. आधी बोटाच्या पेराएवढं पाणी गोठवा. त्यावर संत्र्याच्या पातळ चकत्या, डाळिंबाचे दाणे आणि उभी अर्धी कापलेली महाबळेश्वरी स्ट्रॉबेरी मांडा, कापलेली बाजू खाली ठेवून, कारण भांडं उलटं केल्यावर तीच वर येणार. मग फळं जेमतेम भिजतील एवढंच गार पाणी घालून पुन्हा फ्रीजरमध्ये. ती जागच्या जागी घट्ट बसली की उरलेलं पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. काढताना भांड्याच्या बाहेरून साध्या नळाचं पाणी सोडा, कडं आपोआप सुटतं. गरम पाणी वापरलंत तर तडकतं. माझं एक तडकलंय, ऐन पाहुण्यांसमोर.

असं मोठं कडं सुट्या खड्यांपेक्षा बरंच सावकाश वितळतं, म्हणजे पंच लवकर पाणचट होत नाही. शिवाय वितळेल तसतसं आतलं फळ एकेक करून मोकळं होतं, ते बघायला मुलं वाडग्याभोवतीच घुटमळतात.

आता वाडग्यात काय. ‘पंच’ हा शब्द आपल्या ‘पाच’वरून गेला असं बरेच जण मानतात : दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांच्या पत्रात हा शब्द १६३२ साली सापडतो. व्युत्पत्तीबद्दल जाणकारांत वाद आहे, पण कृती म्हणून हे पाच जिन्नस आजही चोख आहेत. नाताळच्या लाल रंगासाठी परदेशी कृतींत क्रॅनबेरी असते. ती इथे महाग मिळते, आणि तिच्या रसात आपल्या कोकमात नाही असं काही मला सापडलेलं नाही. कोकमाचा लाल रंग काचेच्या वाडग्यात माणकासारखा दिसतो, पाठीमागे दिवा असेल तर विचारूच नका.

फक्त बाटली नीट वाचून घ्या. अमृत कोकम म्हणजे गोड सरबताचा अर्क, आणि आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस. तिसऱ्या वर्षी मी घाईत आगळ आणलं. रंग असा की ग्रीटिंग कार्डावर छापावा, आणि पहिला घोट घेऊन माझा मामेभाऊ म्हणाला, “भात कुठाय?” तीन लिटर खारट पाणी मोरीत गेलं.

माझं प्रमाण असं : अमृत कोकम ७०० मिली, लिंबाचा रस १२० मिली (सात-आठ लिंबं), गार पाणी अर्धा लिटर, बोटभर आल्याचा गाळलेला रस. हे सगळं दुपारीच एकत्र करून फ्रीजमध्ये ठेवायचं. थंडगार साधा सोडा २ लिटर, तो मात्र पाहुणे बसल्यावरच, कडेकडेने. सोडा आधी घातला तर तासाभरात सरबत होतं. सगळं मिळून साधारण ३.३ लिटर होतं. अमृत कोकमात जिरं असतं, कुणाकुणात ते जरा जास्तच असतं, त्यामुळे आधी पेलाभर करून चाखून बघा.

यात दारू कुठाय असं वाटलं असेल. मुद्दामच नाही. पंच सोवळा, बाटली ओवळी. वाडग्यात दारू घालायचीच नाही. व्होडका किंवा व्हाइट रमची ७५० मिलीची एक बाटली आणि ३० मिलीचं माप बाजूच्या छोट्या टेबलावर, मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवायचं. ज्याला हवं त्याने आपल्या ग्लासात एक माप घालून वरून १२० मिली पंच घ्यायचा. बाटलीत पंचवीस मापं बसतात आणि वाडग्यात सत्तावीस ग्लासांचा पंच, हिशोब जवळपास जुळतो. आपल्याकडची दारू बहुतेक ४२.८ टक्क्यांची असते, म्हणजे ग्लासात साडेआठ टक्के, कडक बिअरच्या जरा वर. फायदा असा की सासूबाई, मुलं आणि गाडी चालवणारी माणसं त्याच देखण्या वाडग्यातून घेतात. कुणाला वेगळं ‘मुलांचं सरबत’ हातात धरून कोपऱ्यात बसावं लागत नाही, आणि कोण पितोय, कोण नाही याची चर्चाही होत नाही. सासऱ्यांचं काय ते त्यांचं ते बघतील.

एक धोका राहतो, ग्लास अदलाबदल होण्याचा. त्यासाठी ग्लासातली सजावट मी एवढ्यापुरतीच ठेवलीय : दारूच्या ग्लासात टूथपिकला टोचलेली स्ट्रॉबेरी, बिनदारूच्यात काही नाही. टूथपिकं बाटलीशेजारीच ठेवायची. मुलांना पहिल्याच मिनिटाला सांगून टाकायचं की काडीवाला ग्लास मोठ्यांचा. स्ट्रॉबेरीसाठी रडारड होते, म्हणून त्यांच्यासाठी नुसत्या स्ट्रॉबेऱ्यांची वेगळी बशी.

रंग बदलणारं काहीतरी हवं असेल तर गोकर्णाची निळी फुलं गोळा करायला आजपासून लागा. सोसायटीच्या कुंपणावर वेल असतोच. ताजी किंवा सावलीत वाळवलेली दहा-बारा फुलं कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, गाळा, गार झालं की बर्फाच्या ट्रेमध्ये ओता. शाईसारखा निळा बर्फ होतो. उंच ग्लासात तीन-चार खडे, त्यावर ३० मिली जिन आणि वरून टॉनिक, किंवा जिन वगळून नुसता लिंबू-सोडा. बर्फ विरघळायला लागला की निळ्या रेघा खाली उतरतात, आंबटपणाने जांभळ्या होतात आणि शेवटी गुलाबी. याला चव जवळजवळ नसते. निव्वळ तमाशा आहे, पण दारात हातात द्यायला छान. आमच्या रसायनशास्त्र शिकवलेल्या मावशीने पहिल्याच वर्षी ओळखलं होतं, “अरे, हा तर लिटमस!”

काचेसारखा पारदर्शक बर्फ कसा करतात, हे पुढेमागे विचाराल म्हणून सांगतो. पाणी उकळून घ्या असं सगळे सांगतात. मी दोनदा केलं, फारसा फरक पडत नाही. बर्फ पांढुरका होतो कारण साध्या ट्रेमध्ये पाणी सगळ्या बाजूंनी गोठत येतं आणि विरघळलेली हवा मध्ये कोंडली जाते. पोळ्यांचा छोटा कॅसरोल पाण्याने भरून झाकण न लावता फ्रीजरमध्ये ठेवा. बाजू बंदिस्त, वर उघडं, त्यामुळे वरून खाली गोठत जातं आणि हवा तळाकडे ढकलली जाते. अठरा-वीस तासांनी, पूर्ण गोठायच्या आत काढा, तळाचं गढूळ टाकून द्या, वरचा स्वच्छ ठोकळा दातेरी सुरीने हलके ठोकून तोडा. व्हिस्की पिणाऱ्या एखाद्या चोखंदळ पाहुण्यासाठी ठीक आहे. पंधरा माणसांसाठी या फंदात पडू नका.

थंडीचं खरं पेय गरमच. जर्मनीत नाताळच्या बाजारांत ग्लूवाइन म्हणून मिळते ती गरम मसाल्याची वाइन घरी अगदी सोपी आहे, आणि दिसतेही झकास. आपल्याकडे वसई-मुंबईच्या ईस्ट इंडियन (तिथल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती) घरांत खिमाद नावाचं असंच गरम पेय करतात, देशी दारूत दालचिनी, लवंग, गवती चहा वगैरे घालून. नाशिकची साधी लाल वाइन दोन बाटल्या घ्या, महागडी मुळीच नको. लोकांची चूक होते ती वाइनमध्येच मसाला उकळण्यात. अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, त्यामुळे वाइन खळखळली की त्यातलं अल्कोहोल उडायला लागतं आणि चवही काढ्यासारखी होते. आधी कपभर पाण्यात दीडशे ग्रॅम साखर, दोन बोटभर दालचिनीच्या काड्या, आठ लवंगा, तीन चक्रीफुलं आणि एका संत्र्याची साल दहा मिनिटं उकळा. सालीचा पांढरा भाग आधीच काढून टाका, तो कडवट असतो. मग आच अगदी मंद करून वाइन ओता. वाफ दिसली पाहिजे, बुडबुडा नाही. अर्धं संत्रं घेऊन त्यात लवंगा नक्षीने टोचा आणि पातेल्यात तरंगत सोडा, सोबत चक्रीफुलंही फिरत राहतात. ही एवढी सजावट पुरे. काचेच्या ग्लासात गरम वाइन ओतायच्या आधी आत स्टीलचा चमचा ठेवा, म्हणजे काच तडकायची भीती कमी. स्टीलच्या पेल्यात देऊ नका, ओठ भाजतात.

हिरवा रंग कशाने आणायचा? फोटोंत रोजमेरी असते. मोठ्या भाजीच्या दुकानांत ती मिळते, पण नाही मिळाली म्हणून एका वर्षी मी तुळशीच्या मंजिऱ्या घेऊन साखरेच्या पाकात बुडवणार होतो. आई मागे उभी. “दारूत तुळस? अरे, जनाची नाही तर मनाची तरी!” मंजिऱ्या परत वृंदावनात. तेव्हापासून गवती चहाच्या पातीची सैल गाठ मारून घालतो. रोजमेरी मिळालीच तर काडी पाकात बुडवून पिठीसाखरेत नाही, दाणेदार साखरेत घोळवा आणि तासभर पंख्याखाली वाळवा, दव गोठल्यासारखी दिसते. ग्लासच्या काठाला बर्फ पडल्यासारखं दिसायला हवं असेल तर मध लावून सुक्या खोबऱ्याचा बारीक कीस, तोही अर्ध्याच काठाला आणि बाहेरूनच. खोबरं नको असलेल्याला दुसरी बाजू मोकळी राहते.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. कण्हेर विषारी आहे, नुसती शोभेला म्हणूनही ग्लासात नको. गजरेवाल्याकडची किंवा फुलवाल्याकडची गुलाबं फवारणीची असतात. घरच्या कुंडीतला गावठी गुलाब चालतो. हस्तकलेच्या दुकानातली चमकी ‘नॉन-टॉक्सिक’ लिहिलेली असली तरी ती खायची नसते. चमक हवीच तर मिठाईवरचा चांदीचा वर्ख आहे की.

आणि धूर सोडणारा ड्राय आइस. तो उणे ७८ अंशांचा असतो. तोंडात गेला तर भाजल्यासारखी जखम होते आणि पोटात गेला तर जिवावर बेतू शकतं. २०२४च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका कॅफेत जेवणानंतर मुखवास म्हणून चुकून ड्राय आइस दिला गेला आणि खाणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं. लहान मुलं असलेल्या घरात तर त्याचं नाव काढू नका.

बाटली तुम्हीच आणणार, तर महाराष्ट्रात दारूसाठी पंचवीस वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो, हे माहीत असेलच. ऑफिसातली नवी पोरं येणार असतील तर त्यांचं वय तेवढं मनात धरा.

कामाची विभागणी अशी पडते : २३ तारखेला फुलांचा बर्फ, २४ला सकाळपासून कड्याचे थर, २५ला दुपारी कोकम-लिंबू एकत्र आणि मसाल्याचा पाक. संध्याकाळी फक्त सोडा ओतायचा, कडं सोडायचं आणि वाइनचं पातेलं मंद आचेवर ठेवायचं. फ्रीजरमध्ये कड्याला जागा करण्यासाठी मटारच्या पिशव्या कुठे हलवायच्या हे आधीच ठरवा. आमच्याकडे दरवर्षी यावरूनच भांडण होतं.

अमृत कोकमाची एक बाटली जादा आणून ठेवा. २६ला सकाळी नुसत्या पाण्यात, चिमूटभर मीठ घालून. कोण मागेल ते तुमच्या लक्षात येईलच.