लॉपसाइडेड नेमका कुठे वापरायचा

प्रिय मित्रा,

मराठवाडा-विदर्भावरचा तुझा इंग्रजी ड्राफ्ट वाचला, विषय मस्त घेतलायस, पण "डेव्हलपमेंट इज इम्बॅलन्स" हे आधी बदल. इम्बॅलन्स हे नाम आहे. १९८३ साली अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांची जी अनुशेष (म्हणजे विकासातली तूट) समिती नेमली तिच्या इंग्रजी नावात "रीजनल इम्बॅलन्स" आहे, तिथे तो नाम म्हणूनच येतो, तुझ्या वाक्यात विशेषण पाहिजे आणि ते म्हणजे लॉपसाइडेड. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यात कारखाने गच्च आणि बाकीकडे विरळ, हेच लॉपसाइडेड डेव्हलपमेंट.

अर्थ सोपाय, एक बाजू जड किंवा खाली कललेली. लॉप म्हणजे लोंबणं, कान लोंबणाऱ्या सशांना लॉप-इअर्ड म्हणतात ना, तेच. १७११ च्या आसपास हा शब्द आधी एका बाजूला झुकलेल्या जहाजांसाठी वापरात आला, आणि मला वाटतं तो झुकाव डोळ्यासमोर ठेवलास की शब्द सहसा चुकत नाही. केक एका बाजूने बसला, लॉपसाइडेड. २०२३ च्या वर्ल्डकपला वानखेडेवर आपले ३५७ आणि श्रीलंका ५५ ऑलआउट, तर तो लॉपसाइडेड विजय, तिथे वन-साइडेडही चालतं. पण रिपोर्टला वन-साइडेड म्हटलंस तर एकाच पक्षाची बाजू मांडलीय असा आरोप होतो, एक प्रकरण चाळीस पानी आणि दुसरं दोन पानी एवढंच सांगायचं असेल तर लॉपसाइडेड म्हण.

आकडेवारी आली की मात्र स्क्यूड, म्हणजे एकीकडे कललेला, हा शब्द जास्त शोभतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, याला इंग्रजी पेपरवाले स्क्यूड सेक्स रेशो लिहितात, आणि तुझ्या तिसऱ्या चॅप्टरमध्ये तोच हवाय.

एक गोष्ट प्लीज लक्षात ठेव, माणसाला अनबॅलन्स्ड कधी म्हणू नकोस. बजेट अनबॅलन्स्ड असू शकतं, पण तू मुलाखत घेतलेल्या त्या अधिकाऱ्यांबद्दल तसं लिहिलंयस, त्याचा अर्थ डोकं ठिकाणावर नाही असा होतो. तुला ते एकांगी बोलले म्हणायचं होतं ना, मग "हिज व्ह्यू वॉज वन-साइडेड" लिही. लॉपसाइडेड स्माइल मात्र बिनधास्त लिही, ओठांचा एकच कोपरा वर गेलेलं हसू, त्यात बहुतेक वेळा लाडच असतो.

जुन्या पुस्तकांत लॉपसाइडेडच्या मधे हायफन दिसेल, आता एकत्र लिहितात. ते अधिकाऱ्यांचं वाक्य आधी दुरुस्त कर आणि मगच ड्राफ्ट पुढे पाठव.