यजमान देशात लोक रस्त्यावर उतरलेले असताना तिथला वर्ल्ड कप बघणं बरोबर आहे का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. ब्राझीलमध्ये 2013-14 साली झालं तसं, ज्या देशात स्पर्धा भरली आहे तिथलीच माणसं तिच्याविरुद्ध मोर्चे काढत असतील, पोलिसांच्या लाठ्या खात असतील, तर आपण इथे टीव्हीसमोर बसून सामने बघणं नैतिक आहे का, ही पहिली. तुमच्या गल्लीतलं मंडळ मोठा पडदा लावून सामने दाखवणार आहे, त्याला वर्गणी द्यावी की नाही, ही दुसरी.

मी बेळगावचा, शहापूरचा. फुटबॉलचं वेड शाळेपासूनचं. मोर्चेही आमच्या गावाला नवे नाहीत. त्यामुळे या प्रश्नावर मी बराच विचार केलेला आहे आणि माझं मत पक्कं आहे. बघायचं की नाही हे आपल्या मनाला काय टोचतं त्यावरून ठरवू नये. रस्त्यावर उतरलेली माणसं आपल्याकडे काय मागतायत ते आधी शोधावं आणि त्यावरून ठरवावं. लढा त्यांचा आहे. बहिष्काराची हाक द्यायची की नाही हेही त्यांनीच ठरवायचं.

ब्राझीलचंच घ्या. जून 2013 मध्ये साव पावलोत बसचं भाडं तीन रियालवरून 3.20 झालं. वाढ वीस सेंटाव्होंची. त्यावरून मोर्चे निघाले, 13 जूनच्या मोर्चावर पोलिसांनी रबरी गोळ्या झाडल्या, आणि त्यानंतर भाड्याचं प्रकरण भाड्यापुरतं राहिलंच नाही. 19 तारखेला साव पावलो आणि रिओने भाडेवाढ मागे घेतली, तरी 20 तारखेला देशभरात दहा लाखांहून जास्त लोक रस्त्यावर होते. नेमकी त्याच दिवसांत तिथे वर्ल्ड कपची रंगीत तालीम समजली जाणारी कॉन्फेडरेशन्स चषकाची स्पर्धा चालू होती. पुढच्या वर्षीच्या वर्ल्ड कपसाठी बारा शहरांत स्टेडियमं उभी राहत होती. मनौसमध्ये तर पहिल्या श्रेणीचा एकही क्लब नाही, तिथेही चाळीस हजारांचं स्टेडियम. लोकांच्या हातातल्या फलकांवर मागणी होती, आम्हाला दवाखाने आणि शाळाही फिफाच्या, म्हणजे वर्ल्ड कप भरवणाऱ्या जागतिक फुटबॉल संघटनेच्या, दर्जाच्या द्या.

यातलं एक प्रकरण मला सगळ्यात जास्त लागलं, ते ब्राझीलमधल्याच साल्वादोर शहरातल्या बायकांचं. भिजवलेल्या चवळीचं वाटण पाम तेलात तळून, मधून चिरून त्यात कोळंबी भरतात, त्याला तिकडे अकाराजे म्हणतात. पांढरे घोळदार झगे, डोक्याला पांढरं फडकं, अशा बायका पिढ्यान् पिढ्या हा पदार्थ विकतात. स्टेडियमच्या दारात त्यांची जागा ठरलेली. वर्ल्ड कपसाठी जो कायदा झाला, त्यात स्टेडियमभोवती दोन किलोमीटरपर्यंत फिफाच्या प्रायोजकांशिवाय कुणाला धंदा करता येणार नाही अशी तरतूद होती. म्हणजे जिच्या आजीने त्या दारात कढई लावली होती, तिने आता बाजूला व्हायचं. त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी सह्या गोळा केल्या, त्याच पांढऱ्या पोशाखात निदर्शनं केली, आणि शेवटी त्यांच्यातल्या काही जणींना स्टेडियममध्ये विकायची परवानगी मिळाली. याच कायद्याने स्टेडियममधली दारूबंदीही स्पर्धेपुरती उठवली होती, कारण बिअर कंपनी प्रायोजक होती. हे वाचल्यावर ‘खेळात राजकारण आणू नका’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. राजकारण आणलं कुणी? कढई घेऊन बसलेल्या बाईने?

पण नीट बघा, या बायका काय मागत होत्या. सामने बंद करा असं त्या म्हणतच नव्हत्या. त्यांना त्या सामन्यांत आपली जागा हवी होती. ‘कप होऊ देणार नाही’ म्हणणारेही गट होते, पण मोर्च्यांत चालणाऱ्यांत फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं भरपूर होती. खुद्द ब्राझीलचा स्टार खेळाडू नेमार याने मेक्सिकोविरुद्धच्या सामन्याआधी जाहीर लिहिलं की या आंदोलनातून बळ घेऊन मी मैदानात उतरतोय.

2014 चा ब्राझील-जर्मनी उपांत्य सामना आपल्याकडे रात्री दीडला सुरू झाला. रमजान चालू होता. कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी आम्ही बसलो होतो, कारण त्या घरात सहरीसाठी तशीही जाग असायची. अर्ध्या तासात पाच गोल. कॅमेरा सारखा प्रेक्षकांतल्या रडणाऱ्या पोरांवर जात होता. मित्राची अम्मी आतून चहा घेऊन आली, थोडा वेळ उभ्यानेच बघत राहिली आणि म्हणाली, “ये इतना रो रहे हैं, फिर वो मोर्चे कौन निकाल रहा था?” मित्र म्हणाला, “येच लोग, अम्मी.” त्याचं उत्तर अगदी बरोबर होतं. तीच माणसं होती. खेळावर प्रेम आहे म्हणून खेळाच्या नावाने चाललेली लूट त्यांना सहन होत नव्हती. अशा माणसांच्या बाजूने उभं राहायचं तर टीव्ही बंद करून काही होत नाही. त्यांची बाजू माहीत करून घ्यावी लागते.

याच्या उलट उदाहरणही आहे आणि ते आपल्याच देशाचं आहे. 1974 साली टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत भारत पोचला होता. विजय आणि आनंद अमृतराज ऐन भरात होते. समोर दक्षिण आफ्रिका. भारत खेळलाच नाही, चषक न खेळता त्यांना मिळाला. वर्णभेदाविरुद्ध लढणारी तिथली माणसं आणि देशाबाहेर काढलेले त्यांचे खेळाडू कितीतरी वर्षं जगाला सांगत होते, आमच्या देशाशी खेळू नका. त्यांनी मागितलं आणि आपण दिलं. मला त्या माघारीचा जिंकलेल्या चषकापेक्षा जास्त अभिमान वाटतो. अशी हाक उद्या कुठल्या यजमान देशातून आली, आणि ती खरोखर तिथल्या पिचलेल्या माणसांची असली, तर मी सामने बघणार नाही. अंतिम सामनाही नाही.

कतारची गोष्ट आणखी वेगळी. तिथे स्टेडियमं बांधणाऱ्या भारतीय, नेपाळी, बांगलादेशी मजुरांना मोर्चा काढायचीच सोय नव्हती, संप केला तर थेट परत पाठवणी. त्यांच्या वतीने बोलणाऱ्या ॲम्नेस्टीसारख्या मानवी हक्कांच्या संस्थांनी 2022 साली प्रेक्षकांना सामने बघू नका असं सांगितलं नाही. संघांना जेवढी बक्षिसं वाटणार, म्हणजे 44 कोटी डॉलर, तेवढीच रक्कम मजुरांच्या नुकसानभरपाईसाठी काढा, असं त्या फिफाला सांगत होत्या. आखातात ज्यांच्या घरचं कुणी ना कुणी आहे अशा आमच्या भागातल्या माणसांना ही मागणी समजावून सांगावी लागत नाही.

‘बघणं’ किती कामाचं असू शकतं हे 1978 साली अर्जेंटिनात दिसलं. लष्करी राजवट होती, हजारो माणसं बेपत्ता होती. ज्या मोन्युमेंटल स्टेडियमवर अंतिम सामना झाला तिथून पायी जाण्याच्या अंतरावर नौदलाच्या शाळेत छळछावणी होती, आणि आतल्या कैद्यांना गोलांचा जल्लोष ऐकू यायचा. बेपत्ता मुलांच्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी प्लाझा दे मायोत फेरी घालत. 1 जूनला स्पर्धेचं उद्घाटन होतं आणि नेमका गुरुवार होता. तेव्हा नेदरलँड्सचे काही टीव्ही पत्रकार उद्घाटनाचा सोहळा सोडून त्या चौकात गेले. आता तुम्हीच आमची शेवटची आशा, असं त्या आया कॅमेऱ्यासमोर रडत सांगत होत्या. स्पर्धा नसती तर तो कॅमेरा त्या देशात आला नसता. आलेल्यांपैकी बहुतेकांनी तो मैदानाकडेच रोखला, ही शरमेची गोष्ट. पण ज्यांनी वळवला त्यांच्यामुळे त्या आयांचे चेहरे जगाने पाहिले.

आता आमच्या गावाचं सांगतो, कारण माझं मत मुळात तिथून आलंय. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. तेव्हापासून त्या तारखेला इथले मराठी लोक काळा दिन पाळतात, काळे कपडे घालून सायकल फेरी काढतात. त्याच दिवशी राज्योत्सव असतो. राणी चन्नम्मा चौकात लाल-पिवळ्या झेंड्यांची एवढी गर्दी उसळते की मुंगी शिरणार नाही. एकाच गावात एकाचा सण, दुसऱ्याचं सुतक. आमच्या शेजारचं घर कानडी. त्यांचा मुलगा दरवर्षी मिरवणुकीला जातो. एका वर्षी तो गळ्यात लाल-पिवळा पट्टा घालून गाडी काढत होता आणि माझे वडील दंडाला काळी फीत बांधून ओट्यावर बसले होते. त्याने गाडी बंद केली, खाली उतरला आणि विचारलं, “काका, ऊटा आत?” जेवण झालं का म्हणून. वडिलांनीही कानडीतच सांगितलं, झालं रे, तू जाऊन ये, पण रात्री फार उशीर करू नको. तो गेला.

त्याने मिरवणूक चुकवावी असं आमच्या घरात कधी कुणाला वाटलं नाही. त्याचा सण आहे, त्याने करावा. पण ती काळी फीत त्याला दिसली होती, ती का आहे हे त्याला माहीत होतं, आणि ती आहे म्हणून तो थांबला. आम्हाला चीड येते ती ‘बेळगावात काही प्रश्नच नाही, चार लोक उगाच गोंधळ घालतात’ असं म्हणणाऱ्यांची. डिसेंबरात इथल्या सुवर्णसौधला कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं तेव्हाही हेच होतं. ऊस उत्पादक, अंगणवाडी सेविका अशी माणसं कुठून कुठून येऊन थंडीत तंबूत बसतात आणि गावातला एखादा फक्त रस्ता अडल्याची तक्रार करतो. मोर्चात कधी उभं राहिलेल्या माणसाला हे वाक्य लाठीपेक्षा जास्त लागतं. म्हणून परदेशातला सामना बघताना मी स्वतःला त्या शेजारच्या पोराच्या जागी ठेवतो. जा मिरवणुकीला, पण फीत बघ.

स्पर्धा आपल्याच भागात असेल तेव्हा मात्र एवढ्यावर भागत नाही. एप्रिल 2016 आठवा. मिरजेहून पाण्याची रेल्वे दुष्काळाने होरपळलेल्या लातूरला निघाली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्याकडून पुण्याला जाताना मिरज स्टेशन लागतंच, आणि मिरजेपुढे हीच कृष्णा आमच्या चिकोडी-अथणीकडे येते, त्यामुळे ती बातमी आम्हाला घरची वाटली. त्याच आठवड्यात मुंबई, पुणे, नागपूरला आयपीएलच्या खेळपट्ट्यांवर पाणी मारणं चालू होतं. मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या असा आदेश दिला. तेव्हा काहींनी ओरड केली की सामने हलवून लातूरला थेंबभर तरी पाणी जाणार आहे का. नसेल जाणार, पण हंडाभर पाण्यासाठी रात्र काढणाऱ्या बाईच्या राज्यात हिरवळीवर पाणी फवारायचं नसतं, एवढी लाज तरी न्यायालयाने राखली. अशा वेळी आपण नुसते प्रेक्षक नसतो. इथले मतदार असतो, पाणीपट्टी भरणारे असतो, बोलायची जागा आपल्याकडे असते. तिथे टीव्ही चालू की बंद हा प्रश्न फार छोटा, बोललात का हा मोठा.

पैशाबद्दलही तुम्ही लिहिलंय, की बघितलं म्हणजे आपण त्यांचे खिसे भरतो. अंशतः खरं आहे. फिफाने 2014 च्या स्पर्धेतून जवळपास 480 कोटी डॉलर मिळवले आणि त्यातला मोठा वाटा प्रक्षेपणाच्या हक्कांचा होता. पण केबलच्या टीव्हीवर कोण काय बघतं हे मोजक्या घरांत बसवलेल्या मीटरवरून मोजतात. तुमच्या घरी मीटर नसेल तर तुम्ही टीव्ही बंद केल्याचं कुणाला कळणारही नाही. मोबाइलच्या ॲपवर मात्र एकेक प्रेक्षक मोजला जातो, वर्गणीही तुमच्याच खिशातून जाते. तेव्हा एकट्याने मुकाट्याने बंद करायचं असेल तर मनाच्या समाधानासाठी खुशाल करा, त्यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नका. बहिष्काराला जोर येतो तो सगळ्यांनी मिळून, सांगून सवरून केला तर. जर्सी, प्रायोजकांच्या मालावरच्या खास ऑफर, असला खर्च टाळणं जास्त सोपं आणि जास्त उपयोगाचं. मी ते पाळतो.

आता तुमच्या मंडळाचा पडदा. वर्गणी द्या. पन्नास माणसं एका पडद्यासमोर बसणार असतील तर घरोघरी एकेकट्याने बघण्यापेक्षा ते केव्हाही चांगलं, कारण तिथे बोलता येतं. वर्गणी देताना दोन गोष्टी मात्र मागून घ्या. पडद्याशेजारी कुठल्या कंपनीचा फुकटचा बॅनर लावायचा नाही, खर्च गल्लीने आपला आपण करायचा. आणि मध्यंतराची पंधरा मिनिटं जाहिराती दाखवण्यात घालवायची नाहीत. आवाज बंद करा आणि तुमच्यातल्या कुणीतरी माईक घेऊन त्या शहरात त्या आठवड्यात काय चाललंय ते मराठीत सांगा. बाहेर कोण उभं आहे, कशासाठी, त्यांची मागणी काय. कोपऱ्यावरची भजीची गाडी त्या रात्री हलवू देऊ नका, ती पडद्याच्या जवळच लावा. पोरं प्रश्न विचारतील. उत्तर देणाऱ्याने आदल्या दिवशी थोडं वाचून यायला हवं, आणि तुम्ही हा प्रश्न इतक्या कळकळीने विचारलात त्यावरून ते काम तुम्हीच घ्यावं असं मला वाटतं.