तुमचे प्रश्न : बाउंटीवरचं बंड खरंच झालं होतं का?

प्रश्न : नमस्कार ताई, ज्यूल्स व्हर्नची 'बाउंटीचे बंडखोर' ही छोटी गोष्ट नुकतीच वाचली. सुरुवातीलाच लिहिलंय की हे कल्पित नाही, ब्रिटनच्या आरमारी इतिहासातूनच सगळं घेतलंय. खरंच असं घडलं होतं का? आणि कप्तान ब्लाय इतका क्रूर होता का?

उत्तर : हो, घडलंय. 'बाउंटी' हे ब्रिटिश आरमाराचं जहाज आणि ब्लाय त्याचा कप्तान. गोष्ट छापली गेली १८७९ मध्ये, त्याच्या 'बेगम' कादंबरीसोबत एकाच पुस्तकात, आणि मूळ मजकूर गाब्रिएल मार्सेल नावाच्या भूगोलाच्या अभ्यासकाचा होता, तो विकत घेऊन व्हर्नने त्यावर हात फिरवला. म्हणून ती त्याच्या बाकीच्या गोष्टींपेक्षा जास्त इतिहासासारखी वाटते.

आता ब्लाय. माझं स्पष्ट मत आहे की त्याला नुसता राक्षस ठरवलं की खरी गोष्ट हातातून निसटते. फटके मारण्यात तो त्या काळच्या बऱ्याच कप्तानांपेक्षा सौम्यच होता, त्याची जीभ मात्र फार वाईट होती, सगळ्यांसमोर अधिकाऱ्यांचा पाणउतारा करायचा. बंडाच्या आदल्या दिवशी नारळ चोरल्याचा आरोप करून त्याने फ्लेचर ख्रिश्चनला असंच झापलं, आणि याच ख्रिश्चनला त्याने स्वतःच त्या सफरीत बढती दिलेली! त्यात जहाज लहान, बंदोबस्ताला सैनिक नाहीत, कप्तानाची मोठी खोली रोपांसाठी रिकामी केलेली, कारण मोहीमच पॅसिफिक महासागरातल्या ताहिती बेटाहून नीरफणसाची रोपं कॅरिबियन बेटांवर न्यायची होती, तिथल्या गुलामांना स्वस्तात खाऊ घालायला. ताहितीत पाच महिने मोकळे राहिलेले खलाशी परत त्या कोंदट जहाजावर चढले आणि साधारण तीन आठवड्यांत, २८ एप्रिल १७८९ ला, टोंगा बेटांजवळ ख्रिश्चनच्या पुढाकाराने बंड झालं. हजारावर रोपं समुद्रात फेकली.

ब्लायला खरा दाद देण्यासारखा भाग त्यानंतरचा. बंडखोरांनी त्याला होडीत घालून समुद्रात सोडून दिलं. २३ फुटांची उघडी होडी, त्यात त्याच्यासह १९ माणसं, काठ पाण्याच्या जेमतेम वर, आणि नकाशे दिलेले नाहीत. टोफुआ बेटावर पाणी-अन्न घ्यायला उतरले तर तिथे एक जण मारला गेला, मग वाटेत कुठल्या वस्तीच्या बेटावर उतरायचीच भीती. नारळाच्या करवंट्यांचा तराजू करून, वजन म्हणून पिस्तुलाची गोळी ठेवून पावाचे तुकडे वाटायचे, ते आणि घोटभर पाणी एवढ्यावर ३,६०० सागरी मैलांहून जास्त अंतर कापून १४ जूनला ते तिमोरला पोचले, वाटेत समुद्रात एकही माणूस गेला नाही. हा माणूस कॅप्टन कुकच्या हाताखाली शिकलेला, ते इथे कामी आलं.

प्रश्न : बंडखोर पकडले गेले का?

उत्तर : अर्धेमुर्धे. १६ जण ताहितीत राहिले, त्यातले दोघे तिथेच मारले गेले, उरलेल्या १४ जणांना, त्यांच्या शोधात पाठवलेल्या ब्रिटिश 'पँडोरा' जहाजाने पकडलं. पण यातले काही बंडखोर नव्हतेच, होडीत जागा नव्हती म्हणून मागे राहिलेले, तरी त्यांनाही बेड्या. वाटेत पँडोरा खडकावर फुटलं, चार कैदी बुडाले. शेवटी १७९२ मध्ये खटला होऊन तिघांना फाशी झाली.

ख्रिश्चन आणि आठ साथीदार पिटकेर्न बेटावर जाऊन लपले, जहाज जाळून टाकलं. सोबत ताहितीकडच्या बायका आणि सहा पुरुष नेले होते. त्या पुरुषांना जमीन दिली नाही, गुलामासारखं राबवलं, आणि १७९३ मध्ये त्यांनी उठून ख्रिश्चनसह पाच गोऱ्यांना मारलं. मला या सगळ्यात हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुलमाविरुद्ध उठलो म्हणणाऱ्यांनीच चार वर्षांत दुसऱ्यांवर तेच केलं, आणि वाचक मात्र ब्लाय की ख्रिश्चन यावरच भांडत बसतात, त्या सहा जणांची कुणी चौकशीच करत नाही. १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज तिथे पोचलं तेव्हा मोठ्या पुरुषांपैकी एकटा जॉन ॲडम्स हा बंडखोर जिवंत होता, बाकी बायका आणि मुलं.

प्रश्न : आणि नीरफणस?

उत्तर : ब्लाय १७९१ मध्ये 'प्रॉव्हिडन्स' जहाज घेऊन पुन्हा गेला आणि १७९३ मध्ये रोपं सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. गुलामांना ते फळ सुरुवातीला आवडलंच नाही. आता मात्र तिथे ते रोजच्या जेवणात असतं.