प्लॉट विकण्याआधी एक रक्ततपासणी

साताऱ्याच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. यजमानांना, वय ४४, मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर निघालाय. ऑपरेशन पुढच्या महिन्यात. ऑफिसचा ग्रुप विमा ५ लाखांचा, एफडी ४ लाखांची, मुलं दोन. दीर म्हणतात, आयोडीनचे डोस आणि महागड्या गोळ्या लागतील, कोरेगावचा प्लॉट आत्ताच विकून टाका. विकू का?

ताई, आत्ता नका विकू. अडलेल्या माणसाचा प्लॉट पडत्या भावात जातो. शिवाय आयोडीनचा खर्च या आजारात येतच नाही. थायरॉइडचे नेहमीचे कॅन्सर आयोडीन शोषतात, म्हणून किरणोत्सारी आयोडीन देऊन ते मारता येतात. मेड्युलरी ज्या ‘सी’ पेशींतून होतो, त्या शोषत नाहीत. इथे सगळी भिस्त पहिल्या ऑपरेशनवर. म्हणून पैसा घालायचाच तर अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडे. परळच्या टाटा मेमोरियलला एकदा रिपोर्ट दाखवून या. पुढे, ग्रंथी काढल्यामुळे, थायरॉक्सिन या हार्मोनची गोळी जन्मभर, ती स्वस्त आहे, आणि आजार परततोय का हे सांगणाऱ्या कॅल्सिटोनिन-सीईएच्या रक्ततपासण्या. सेलपरकॅटिनिबसारख्या गोळ्या खरंच महाग, पण त्या आजार पसरून वाढत असेल तरच. तशी वेळ आली तर प्लॉट आहेच.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थांबलो: ‘यांच्या आत्याही मानेच्या गाठीनेच गेल्या.’ हा कॅन्सर साधारण चारांतल्या एका रुग्णात आनुवंशिक असतो, ‘आरईटी’ जनुकातल्या दोषामुळे. तसं असेल तर प्रत्येक मुलात तो उतरण्याची शक्यता ५० टक्के. एफडीतले पहिले पैसे यजमानांच्या रक्तातून होणाऱ्या या जनुक तपासणीला द्या. दोष निघाला तर मुलांचीही करा. वेळेत ग्रंथी काढली तर त्यांचा कॅन्सर टळू शकतो. याच दोषात मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीवरही गाठ होऊ शकते आणि भूल दिल्यावर रक्तदाब भडकतो. त्या गाठीची तपासणी झाली का, हे ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचाराच.

मुलांचा आरोग्य विमा वेगळा काढा, पण फॉर्ममध्ये विचारलं असेल तिथे वडिलांचा आजार लपवू नका. क्लेमच्या वेळी तेच अंगाशी येतं. ग्रुप विमा नोकरीबरोबर संपतो, तेव्हा यजमानांना राजीनाम्याचा विचार तूर्त करू देऊ नका. महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आणि ग्रुप विम्यातली खोलीभाड्याची मर्यादा आजच बघा. ती दिवसाला ५,००० असताना ८,००० ची खोली घेतलीत, तर बऱ्याच पॉलिसींत डॉक्टरांची फी, ऑपरेशनचा खर्चही त्याच प्रमाणात कापतात. यजमानांसाठी तुमच्या पॉलिसीच्या मर्यादेतलीच खोली मागा.